कडेची नजर

डॉड्सन, नेब्रास्का
रविवार, २७ सप्टेंबर १९८७

प्रिय गेलन,

हे पत्र बाबांबद्दल नाही, फुटबॉलबद्दल आहे. म्हणून न वाचता फाडू नकोस.

मला एक प्रश्न पडलाय आणि गावात तो कुणाला विचारायची सोय नाही. ज्याला विचारावं तो आधी हसतो. कोच कुबिचेकची मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि विचारते काय, तर चेंडू पळवायचा कधी आणि फेकायचा कधी हे ठरवतात कसं? आपल्या जेवणाच्या टेबलावर बाबा चाली दाखवायला मीठ-मिरीच्या डब्या सतत इकडून तिकडे सरकवायचे ते आठवतं ना? तू त्यांच्याकडे डोळे लावून बसायचास. मी आणि आई त्या पुन्हा जागेवर ठेवायचो. वर्षानुवर्षं मी चिखलाच्या जर्सी धुतल्या, सामन्यांना गेले, गरम चॉकलेट विकलं. पण खेळ कधी बघितलाच नाही. जो बघितला तो गर्दीचा.

तर प्रश्न असा. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांना. एवढं मला कळतं. पोरगा चेंडू पोटाशी धरून पळाला की दोन-तीन यार्ड मिळतात. फेकला आणि पुढच्यानं पकडला तर पंधरा-वीस. मग माणसं पळवतात कशाला? तू कोच आहेस तो ओरेगॉनचा संघ फेकत असतो तसं सगळेच का फेकत नाहीत?

आणि याच्या उलटही विचारायचंय. कारण बाबांनी फेकणं बंद केलंय. ते पळवणारेच, हे जगाला माहीत आहे, पण पूर्वी सामन्यात पाच-सहादा तरी फेकायचे. या मोसमात पहिल्या दोन सामन्यांत फेकून बघितलं, एकही चेंडू पकडला गेला नाही, आणि तेव्हापासून एकदाही नाही. आपण हरतोय.

मंगळवारी गावकऱ्यांच्या न्याहारीला ओरिन स्टबी सगळ्यांसमोर म्हणाला, "कोच, त्या चेंडूत हवा भरतात ती काही उगीच नाही."

बाबा म्हणाले, "हवा तर तुझ्यातही आहे ओरिन. म्हणून काय तुला फेकू?"

सगळे हसले, ओरिनही हसला. पण हार्डवेअरचं दुकान सांभाळून तो आता शाळेच्या समितीवरही बसतो. बाहेर गाडीपाशी मला म्हणाला, "लव्होन, त्यांचा शेवटचा मोसम आहे म्हणून आम्ही गप्प आहोत. पण असंच चाललं तर रेनफ्रूच्या सामन्याला दुसरा कुणी उभा करावा लागेल."

शेजारच्या रेनफ्रूबरोबरचा तो सामना तीस ऑक्टोबरला आहे. चौतीस वर्षांनंतरचा शेवटचा. तो बाबांनी मैदानाच्या कडेला उभं राहून संपवावा, घरी रेडिओवर ऐकून नाही, एवढंच मला हवंय.

हे बाबांबद्दल झालं. माफ कर.

आणखी एकच. आई गेल्यापासून रविवारी दुपारी प्रोजेक्टर मी लावते. बाबांच्या स्वयंपाकघराचे पडदे ओढायचे, भिंतीवर सामन्याची फिल्म, आणि भिंतीवर काय दिसतं ते मी मोठ्यानं सांगायचं. "मला काय दिसतं ते मला माहीत आहे," म्हणतात. "तुला काय दिसतं ते सांग." एकटं वाटत असेल म्हणून, असं मी धरून चाललेय. त्यामुळेच हे सगळे प्रश्न.

उत्तर फक्त फुटबॉलपुरतं दिलंस तरी चालेल.

तुझी,
लव्होन


रविवार, ११ ऑक्टोबर

प्रिय गेलन,

पोस्टकार्ड मिळालं. कशी आहेस नाही, काही नाही. नुसते गोल, फुल्या आणि बाण. मला फार आनंद झाला.

तू लिहिलंस ते मी पाठ केलंय. पळवायचं ते यार्डांसाठी नाही. सगळ्यात मागे उभा असतो तो सेफ्टी पुढे यावा म्हणून. तो पुढे आला की त्याच्या डोक्यावरून फेकायचं. फेकण्याला घाबरून तो मागे सरकला की पुन्हा पळवायचं. मी टेबलावर घेवड्याचे दाणे मांडले आणि सेफ्टी म्हणून एक अक्रोड ठेवला. दाणे पुढे ढकलले, अक्रोड पुढे आणला. अर्धा तास मी त्या खेळात इतकी रमले की माझा नवरोबा वेंडेल कापणीच्या यंत्रावरून कधी आला ते कळलंच नाही. आला आणि त्यानं सेफ्टी खाऊन टाकला.

मी ओरडले तर म्हणाला, "मग आता फेक की. मागे कुणीच नाही."

बाबांनाही विचारलं. म्हटलं, "समतोल म्हणजे अर्धं पळवायचं आणि अर्धं फेकायचं, असं ना?"

"अर्धं-अर्धं केक वाटताना करतात," ते म्हणाले. "समोरच्यानं पाऊल उचलायच्या आधी त्याच्या मनात शंका आली पाहिजे. तो समतोल. शंभरदा पळव आणि एकदाच फेक, पण त्या शंभरातल्या प्रत्येक वेळी त्याला वाटलं पाहिजे की आता फेकतील."

"मग तुम्ही त्यांना शंका का येऊ देत नाही?"

यावर ते उठले आणि कॉफी ओतायला गेले. आजकाल कॉफी ओतताना ते तर्जनी कपाच्या आत अडकवून धरतात आणि बोटाला चटका बसला की थांबतात. ही सवय नवी आहे. विचारलं तर म्हणाले, कप पूर्वीसारखे खोल राहिले नाहीत.

फिल्म बघताना मात्र ते मला शिकवतात. "पोरी, चेंडूकडे बघू नकोस. चेंडूकडे सगळेच बघतात. मागच्याच्या टाचा बघ." टाचा जमिनीला टेकलेल्या असल्या की तो थांबलाय. टाचा उचलल्या की तो पुढे यायला निघालाय, त्याला स्वतःला ते कळायच्या आधीच. मला आता टाचा दिसतात, गेलन. आज सकाळी चर्चमध्येही मी लोकांच्या टाचाच बघत होते. पास्टरांचं प्रवचन संपायच्या आधी निम्मा गाव उठायच्या बेतात असतो.

मला तुझ्याकडचंही कुतूहल आहे. इतकं फेकलं की मागचा माणूस कायमचा मागेच राहत असेल ना? मग पुढची मोकळी जागा बघून तुझा हात कधी पळवायला शिवशिवत नाही? वाचनालयात ओरेगॉनचा पेपर येतो. गेल्या शनिवारी तुम्ही पंचेचाळीसदा फेकून हरलात असं वाचलं. हा टोमणा नाही. असलाच तर लहानसा आहे.

लव्होन


रविवार, २५ ऑक्टोबर

प्रिय गेलन,

हे पत्र जलद टपालानं पाठवतेय. बसून वाच.

काल फिल्मींची अदलाबदल होती. तू असतानाचीच पद्धत, जागाही तीच: काउंटीच्या हद्दीवरचा पेट्रोलपंप, त्याच्या मागच्या बाजूचं कॉफीचं दुकान. दोन्ही कोचांनी आपापल्या मागच्या सामन्यांच्या फिल्मी आणायच्या, एकमेकांना द्यायच्या, दालचिनीचा रोल खायचा आणि खेळाचं अवाक्षर काढायचं नाही. बाबा म्हणाले, गुडघा दुखतोय, तू जा.

रेनफ्रूचा कोच मर्ल हॅस्ब्रुक माझी वाट बघत बसला होता. "कोच नाही आले?"

"गुडघा."

"गुडघा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी रोल मागवला. हे मला खटकलं. मर्लनं आजवर कुणासाठी रोल मागवलेला नाही.

त्यानं दोन डबे दिले. घरी आले तर बाबा खुर्चीत झोपलेले. मी पडदे ओढून पहिला डबा लावला. त्यात रेनफ्रूचा संघच नव्हता. आपलंच मैदान होतं, सप्टेंबरमधल्या पहिल्या सामन्याचं, आणि कॅमेरा मैदानावर नव्हता. तो आपल्या बाजूच्या कडेवर होता, बाबांवर. मर्लनं समोरच्या बाकांवर माणूस बसवून बाबांची फिल्म काढली होती आणि काल चुकून तीच मला दिली.

आवाज नसलेली, अख्खी रीळ फक्त बाबांची. इतका वेळ मी त्यांच्याकडे याआधी कधी बघितलं होतं ते आठवेना. त्यांचा कोट खांद्यावर सैल झालाय. वाऱ्यानं टोपी उडेल म्हणून ते हात वर नेतात आणि टोपी एकदा चाचपून मग धरतात.

एखादी चाल सुरू व्हायच्या बेतात आली की कॅमेरा क्षणभर बाबांच्या चेहऱ्यावर थांबतो आणि मग मैदानाकडे वळतो. चेहरा सरळ असला की आपला पोरगा पळतो. आणि काही वेळा, चेंडू सुटायच्याही आधी, बाबा मान डावीकडे वळवतात, जणू कुंपणापलीकडे कुणाची गाय सुटलीय. कॅमेरा मैदानाकडे वळेपर्यंत आपला पोरगा फेकायला मागे सरकलेला असतो आणि समोरचा सेफ्टी आधीच पाठी जाऊन उभा असतो, त्याच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या.

मी रीळ उलटी फिरवून पुन्हा लावली. प्रत्येक वेळी तेच. आपलं फेकणं लागत नव्हतं ते पोरांच्या हातांमुळे नाही. आपण फेकणार हे बाबांची मान आधीच सांगत होती.

"काय दिसतं?" मागून आवाज आला. ते जागे होते.

"तुम्ही दिसता, बाबा," मी म्हटलं. "फेकायच्या वेळी तुम्ही तोंड फिरवता."

 मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आहे. आई आजारी पडली त्या उन्हाळ्यापासून तो वाढतोय. ओमाहाच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधलं गेलं ते गेलं, कडेचं राहील. ज्याच्याकडे सरळ बघावं तो नाहीसा होतो. मान वळवून कडेनं बघितलं की पुन्हा येतो. पळणारी पोरं त्यांना आवाजावरून कळतात, खांदे आपटल्यावरून, गर्दीवरून. पण हवेतला चेंडू आवाज करत नाही. तो बघायचा तर मान आधीच वळवून ठेवावी लागते.

"म्हणून मग फेकणंच सोडलं," ते म्हणाले. "जे मला दिसत नाही ते पोरांना करायला कसं सांगू?"

ओरिनला कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील. म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की या काउंटीत कुणालाही सांगायचं नाही. ओरेगॉन या काउंटीत येत नाही. मी वेंडेलला विचारून खात्री करून घेतली. का विचारतेस, हे त्याला सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

आईला पोचवलं त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी तू हात पुढे केलास आणि बाबांनी तोंड कुंपणाकडे फिरवलं. मी तिथंच होते, मलाही ते तसंच दिसलं. तू गाडीत बसलास. "ज्या दिवशी ते माझ्याकडे सरळ बघतील त्या दिवशी येईन," म्हणालास. तीन वर्षं मी त्यांच्यावर मनातून रागावले होते, पण तोंडानं काही विचारलं नाही. त्यांना माहीतच आहे असं धरून चालले.

काल विचारलं. म्हटलं, "त्या दिवशी फाटकाशी गेलनकडे का बघितलं नाहीत?"

"त्याच्याकडेच तर बघत होतो," ते म्हणाले. "निळा टाय होता. दाढी नीट केली नव्हती. तोच काही न बोलता निघून गेला."

"त्यानं हात पुढे केला होता, बाबा."

"कसला हात?"

तो मधोमध होता, गेलन. त्यांच्या डागात. तुझा चेहरा बघायला त्यांनी मान वळवली आणि हात गायब झाला. मी सांगितल्यावर ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. म्हणजे मान वळवून, कडेनं.

तू म्हणतोस तो दिवस येणार नाही. त्यांनी तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू त्यांना दिसणारच नाहीस.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला सामना आहे. मी बाकांच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत फोन घेऊन बसणार आहे, खाली त्यांच्या कानाला पट्ट्यानं बसवलेला दुसरा. शाळेला सांगितलंय की म्हातारे कोच मुलीला थोडं शिकवतायत. मर्लची रीळ आम्ही शुक्रवारनंतर परत करणार. हे ठरवताना बाबा महिन्यात पहिल्यांदा हसले. "त्याला माझी मान इतकी आवडते तर दाखवू की," म्हणाले.

तुमच्या संघाला त्या शनिवारी सुट्टी आहे. वाचनालयात वेळापत्रक बघितलं.

लव्होन


सोमवार, २ नोव्हेंबर

प्रिय गेलन,

तू घरी पोचला असशील. ओरिन अजून त्या शेवटच्या किकबद्दलच बोलतोय. एका गुणानं हरलो हे ऐकून ऐकून तीन दिवसांत त्याची दोन गिऱ्हाइकं खिळे न घेताच परत गेली. बाबांना विचारलं तर म्हणतात, पोरं चांगली खेळली, आणि विषय बदलतात.

तू उशिरा आलास, म्हणून पहिल्या अर्ध्याचं आधी सांगते. बाबांनी मान फिरवली आणि पोराला पळायला लावलं. रेनफ्रूचा सेफ्टी पाठी धावला आणि पुढचं सगळं रान मोकळं. आठ यार्ड, अकरा यार्ड. पुन्हा मान फिरवली, पुन्हा पळवलं. तिसऱ्यांदा समोरच्या कडेला मर्लनं टोपी काढून जमिनीवर टाकली. त्याला कोणता डबा कुणाकडे गेला ते तेव्हा समजलं असणार. मला त्याची थोडी दया आली. त्यानं मागवलेला रोल मी खाल्ला होता.

मध्यंतरानंतर रेनफ्रूवाल्यांनी मानेवर विश्वास ठेवणं सोडलं आणि सगळे पुढे गोळा झाले. फोनवर बाबा दर वेळी विचारत होते, "टाचा?"

"टेकलेल्या."

"टाचा?"

"टेकलेल्याच."

मग तिसरी संधी आली. दोन यार्ड हवे होते, अख्ख्या मैदानाला माहीत होतं की कुबिचेक पळवणार.

"टाचा?"

"उचलल्या, बाबा. आला पुढे."

त्यांनी पोराला काहीतरी खूण केली आणि तोंड सरळ ठेवून उभे राहिले. सरळ म्हणजे त्यांच्यासमोर काहीच नव्हतं, फक्त राखाडी डाग. जे दिसणार नाही ते त्यांनी त्या पोराला करायला सांगितलं होतं. आपल्या पोरानं पळवायचं सोंग केलं आणि चेंडू फेकला.

तो चेंडू तू बघितलास. सगळ्या गावानं बघितला. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. मी बघितला नाही. मला तिथं त्याचसाठी बसवलं होतं आणि मी बाबांकडे बघत राहिले. त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि मान जराही हलली नाही.

"काय झालं?" ते फोनवर म्हणाले.

"मला नाही माहीत बाबा, मी तुमच्याकडे बघत होते."

"मग तुला तिथं कशाला बसवलंय?"

तेवढ्यात गर्दीनं आरडाओरडा केला आणि त्यांच्या मागून, दोरीपाशी उभा राहून तू म्हणालास, "पकडला, बाबा. सेफ्टीच्या डोक्यावरून. पोरगा सरळ गोलरेषेपार गेला."

तू कधी आलास ते मी बघितलं नव्हतं. मला वाटतं त्यांनीही ऐकलं नव्हतं की तू आलायस.

पुढचं तू अनुभवलंस, पण वरून ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. तू दोरीखालून वाकून आत आलास आणि त्यांच्या अगदी समोर उभा राहिलास. हात पुढे केलास. आणि बाबांनी मान फिरवली, गुणफलकाकडे, तशीच. फाटकाशी फिरवली होती तशी. तुझा हात खाली आला. पत्र वाचूनही तो आलाच. अंगाला इतकी सवय असते.  मी वरून ओरडणार होते, पण काय ओरडू ते सुचेना.

मग मला तुझ्या टाचा दिसल्या. त्या टेकलेल्या होत्या.

तू तिथंच थांबलास. मग दोन पावलं बाजूला झालास, त्यांच्या उजव्या खांद्याच्या अंगाला, आणि खिशात हात घालून उभ्या असलेल्या त्यांच्या कोपरावर तुझा हात ठेवलास. त्यांना शोधावा लागू नये म्हणून. आयुष्यात मी फुटबॉलच्या मैदानावर बरंच बघितलं आहे असं आता म्हणू शकते, पण इतकी नेमकी चाल मी बघितलेली नाही.

फोन त्यांच्या कानाला तसाच होता. बंद करायचा असतो हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "जाड झालायस."

यावर तू काहीतरी बोललास आणि ते हसले. पण नेमकं तेव्हा बँडवाल्यांनी सुरू केलं, मला एक शब्द कळला नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, ते आमचं आमच्यात.

मला फार उत्सुकता आहे, गेलन. काय म्हणालास ते लिहून कळव. या वेळी गोल आणि फुल्यांवर भागणार नाही.

लव्होन